हळदीनं उजेड खाल्ला: लायसोझाइमच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी बायोकेमिस्ट्री शिकवते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. जुलैत विषय ठरतो, एप्रिलमध्ये प्रबंध बांधून द्यायचा. हे प्रकरण अशाच एका प्रकल्पाचं आहे. दोघे विद्यार्थी होते, मुलगी कागलची आणि मुलगा गडहिंग्लजचा. नावं देत नाही. चूक निम्मी माझीच होती, तेव्हा त्यांची नावं घेऊन माझं झाकायलाही नको.

प्रथिनाला एखादा छोटा रेणू चिकटतो कसा आणि किती घट्ट, हे मोजायला शिकायचं, असं ठरलं होतं. त्या छोट्या रेणूला लिगँड म्हणतात आणि घट्टपणा सांगणाऱ्या आकड्याला केडी. केडी म्हणजे मोकळ्या लिगँडची अशी संहती, जिच्यावर प्रथिनाचे निम्मे रेणू भरलेले असतात. आकडा जितका लहान, पकड तितकी घट्ट.

प्रथिन म्हणून कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम घेतलं. शिकाऊ हातांसाठी याच्यासारखं एन्झाइम नाही. १२९ अमिनो आम्लं, वजन साधारण १४,३०० डाल्टन, चार डायसल्फाइड बंध. सहज उलगडत नाही, फ्रिजमध्ये निवांत पडून राहतं. फ्लेमिंगनं १९२२ मध्ये याची ओळख करून दिली, तीही स्वतःच्या सर्दीच्या शेंबडातून. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं त्याची त्रिमितीय रचना उलगडली. क्ष-किरणांनी रचना कळलेलं ते पहिलं एन्झाइम. त्याच गटातल्या लुईझ जॉन्सन यांनी त्याच्या खोबणीत साखरेचे तुकडे कसे बसतात ते दाखवलं. थोडक्यात, या एन्झाइमला काय चिकटतं, कुठं चिकटतं आणि किती घट्ट, हे साठ वर्षांपूर्वीच मोजून झालेलं आहे. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. तिचा उपयोग करावा हे मात्र सुचलं नाही.

पहिला महिना झकास गेला. पोरांनी डझनभर अंडी आणली, पांढरं वेगळं केलं, त्यात ५ टक्के मीठ घालून पीएच ९.५ वर नेला आणि जुन्या स्फटिकांचं चिमूटभर बी टाकून फ्रिजमध्ये ठेवलं. ही कृती १९४६ पासून चालत आलेली आहे. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी लायसोझाइम साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं, तरी काही दिवसांत बाटलीच्या बुडाशी चकाकणारे स्फटिक बसले. लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं, म्हणून मायक्रोकॉकस या जिवाणूच्या गढूळ द्रावणात थेंब टाकला की ४५० नॅनोमीटरला गढूळपणा बघता बघता उतरायचा. मध्ये पुरामुळं गडहिंग्लजच्या पोराला आठवडाभर गाव सोडता आलं नाही, तेवढाच खाडा. स्फटिक बघून आमच्या तिघांच्याही माना ताठ झाल्या. एन्झाइम शुद्ध आहे, जिवंत आहे, आता पुढचं सोपं, असं आम्ही धरून चाललो.

लिगँडची निवड

इथं पहिला निर्णय आला, आणि तो आम्ही चहा पिता पिता उरकला. लिगँड कोणता घ्यायचा? मुलाचं म्हणणं, शेजारी सांगलीची हळद आहे, तर कर्क्युमिन घेऊया. औषधी, आपल्या मातीतलं, आणि ‘हळदीतलं द्रव्य आणि लायसोझाइम’ असं शीर्षक प्रबंधावर शोभतंही. हळदीवर काम केलं की पेपर लवकर निघतो, हेही कोणीतरी त्याच्या कानावर घातलेलं होतं. मी होकार दिला. कर्क्युमिनची बाटली कपाटात आधीपासून होती, हे माझ्या होकाराचं खरं कारण. खर्च शून्य.

रीत नेहमीचीच. लायसोझाइममध्ये ट्रिप्टोफॅन सहा. त्यांतले ६२, ६३ आणि १०८ क्रमांकाचे खोबणीतच आहेत. २८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ट्रिप्टोफॅन ३४० च्या आसपास स्वतःचा प्रकाश सोडतं, त्याला फ्लुरोसन्स म्हणतात. लिगँड जवळ येऊन बसला की हे तेज बदलतं. लिगँड वाढवत जायचा, तेज मोजायचं, मूळ तेजाला नव्या तेजानं भागून आलेख काढायचा. हा स्टर्न-व्होल्मर आलेख. रेघेचा चढ म्हणजे केएसव्ही.

फ्लुरोमीटर आमच्याकडे नाही. शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत आहे, तिथं आठवड्याला अर्धा दिवस मिळायचा. दिवा तापून स्थिर व्हायला वेळ जातो, मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जाल तेव्हा शक्य तितकी रीडिंग घेऊन यायची, अशी घाई सुरुवातीपासून अंगात भिनलेली. या घाईत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, आधी गळतात. आमचेही गळाले.

अडचण

ऑक्टोबरअखेर आकडे हातात आले आणि ते देखणे होते. ५ मायक्रोमोलर लायसोझाइम, त्यात कर्क्युमिन शून्यापासून ३० मायक्रोमोलरपर्यंत. तेज १०० वरून ४० वर आलं. केएसव्ही साधारण ४५,००० प्रति मोलर, एकाला त्यानं भागून केडी २२ मायक्रोमोलर. रेघ वरच्या टोकाला जराशी वर वाकत होती, तर आम्ही ‘स्टॅटिक आणि डायनॅमिक अशी दोन्ही प्रकारची क्वेंचिंग’ असं लिहून मोकळे झालो. क्वेंचिंग म्हणजे तेज मंदावणं; लिगँड चिकटून मंदावलं तर स्टॅटिक, नुसतं आदळून मंदावलं तर डायनॅमिक. डॉकिंगमध्येही, म्हणजे संगणकावर रेणू प्रथिनात बसवून बघतात त्यातही, कर्क्युमिन थेट खोबणीत जाऊन बसलं. डॉकिंगच्या सॉफ्टवेअरला नाही म्हणता येत नाही. त्याला कोणताही रेणू द्या, ते कुठं ना कुठं बसवून आकडा देतंच.

अर्धवार्षिक सादरीकरणाला बाहेरचे एक सर आले होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बाकावरची कर्क्युमिनची पिवळीधमक बाटली उचलली, खिडकीसमोर धरली आणि मुलीला विचारलं, “बाळ, हळद चिकटली म्हणतेस. पण आधी मला सांग, उजेड कुणी खाल्ला?”

खोली गप्प. मीही गप्प.

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ असा. कर्क्युमिन पिवळं दिसतं, कारण ते जांभळा-निळा प्रकाश शोषतं. ४२५ नॅनोमीटरच्या आसपास त्याचं शोषण सर्वांत जास्त आहे, पण ते तिथंच संपत नाही. ३४० ला आहे, २८० लाही आहे. म्हणजे दिव्याचा २८० चा प्रकाश क्युवेटच्या, म्हणजे द्रावणाच्या छोट्या चौकोनी नळीच्या, मध्यापर्यंत पोचायच्या आधीच कर्क्युमिन त्यातला काही गिळतं आणि ट्रिप्टोफॅननं सोडलेला ३४० चा प्रकाश बाहेर पडताना त्यातलाही काही गिळतं. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. चुलीच्या धुरात बल्ब मंद दिसला म्हणून बल्बात बिघाड झाला असं होत नाही. आम्ही धूर मोजत होतो आणि बल्बाचा अहवाल लिहीत होतो.

त्याच संध्याकाळी आमच्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३० मायक्रोमोलर कर्क्युमिनचा अ‍ॅब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश शोषण्याचा आकडा, घेतला. २८० ला ०.३५, ३४० ला ०.४०. दोन्हींची सरासरी ०.३७५, आणि दहाचा तितका घात २.३७. म्हणजे कर्क्युमिन एन्झाइमला शिवलंसुद्धा नाही असं धरलं, तरी १०० चं तेज ४२ वर यायला हवं. आमचं आलं होतं ४०. वरच्या टोकाची ती वाकलेली रेघही यातच आली, कारण घातानं वाढणारी गोष्ट सरळ रेघेवर राहत नाही. ‘दोन्ही प्रकारची क्वेंचिंग’ वगैरे काही नव्हतं.

मुलगी म्हणाली, “मॅडम, पुढच्या बुधवारी मी नुसतं ट्रिप्टोफॅन घेऊन बघतो.” (कोल्हापूरच्या पोरी ‘बघतो’च म्हणतात.) तिची कल्पना साधी होती आणि नेमकी होती. सुट्ट्या ट्रिप्टोफॅनला खोबणी नाही, घडी नाही, चिकटायला जागा नाही. एका लायसोझाइममध्ये सहा, म्हणून ५ मायक्रोमोलरच्या जागी ३० मायक्रोमोलर ट्रिप्टोफॅन घ्यायचं आणि तेच कर्क्युमिन तसंच घालत जायचं. घातलं. तेज १०० वरून ४३ वर.

लायसोझाइम ४०, सुटं ट्रिप्टोफॅन ४३, कागदावरचं गणित ४२. तिन्ही आकडे एकमेकांना इतके लगटून होते की आमच्या रीडिंगमधल्या नेहमीच्या हेलकाव्यातच ते बसत होते. चार महिन्यांचं काम एका बुधवारी कोसळलं.

इथं आणखी एक खोट सापडली, ती सांगायलाच हवी, कारण असे प्रबंध मी स्वतः तपासून पास केलेले आहेत. क्वेंचिंग ‘स्टॅटिक’ आहे, म्हणजे खरोखर जोडी जमते आहे, याचा पुरावा म्हणून सगळे एक हिशोब देतात. केएसव्हीला ट्रिप्टोफॅनच्या उत्तेजित आयुष्यानं, म्हणजे प्रकाश घेतल्यापासून सोडेपर्यंतच्या वेळानं, भागायचं, ते बहुतेक जण १० नॅनोसेकंद धरतात, आणि उत्तर २ × १०¹⁰ या मर्यादेपेक्षा (रेणू द्रावणात पसरत एकमेकांवर आदळण्याच्या कमाल वेगापेक्षा) मोठं आलं की ‘सिद्ध’. आमचं ४.५ × १०¹² आलं होतं. आता उलट हिशोब करा. या परीक्षेत नापास व्हायला केएसव्ही २०० प्रति मोलरच्या खाली जावा लागेल. ३० मायक्रोमोलर लिगँडला त्याचा परिणाम ०.६ टक्के. तेवढा फरक आमच्या यंत्रावर दिसलाच नसता. म्हणजे ज्याच्यात काहीही दिसतं तो प्रत्येक प्रयोग या परीक्षेत पास. जिच्यात कोणी नापासच होत नाही, तिला परीक्षा कसं म्हणायचं?

समोरचे पर्याय

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं बसलो. मतं तीन होती.

मुलाला वाटत होतं, आहे तसं द्यावं. “मॅडम, सगळेच असं करत्यात की.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या नोकरीच्या मुलाखती तोंडावर होत्या, आणि ‘प्रकल्प फसला’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं, ही त्याची खरी काळजी होती. मी रागावले नाही. पण बाहेरच्या सरांनी प्रश्न जाहीरपणे विचारला होता, तेव्हा हा रस्ता तसाही बंदच होता. त्यांनी विचारला नसता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही.

माझं मत, दुरुस्ती करावी. वर सांगितलेल्या गणितानं प्रत्येक रीडिंगला गुणायचं, जमल्यास अरुंद क्युवेट आणायचं, म्हणजे प्रकाशाला कमी अंतर कापावं लागेल, आणि उरलेली घट ती खरी घट. हा मार्ग चुकीचा नाही. पुष्कळ ठिकाणी तो पुरतोही. पण वरच्या टोकाला आमची दुरुस्ती २.३७ पट होती आणि शोधायची होती ती दोन-चार टक्क्यांची घट. दुरुस्तीतली जराशी चूकसुद्धा त्या घटीपेक्षा मोठी. हे मला पटायला आठवडा लागला. कारण सांगते: चार महिन्यांची आकडेवारी वाचेल असा तो एकच मार्ग होता.

शिवाय कर्क्युमिनचा दुसरा गुण आम्ही दुर्लक्षिला होता. आमचा बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, पीएच ७.४ चा. ७.२ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांना, अर्ध्या तासात ९० टक्के कर्क्युमिन विघटित होतं, हे १९९७ साली छापून आलेलं आहे. पहिल्या क्युवेटपासून शेवटच्या क्युवेटपर्यंत आम्हाला तासभर लागायचा. खोलीचं तापमान कमी असलं तरी शेवटच्या क्युवेटमध्ये नक्की काय उरलं होतं, ते कोण सांगणार? ज्याची संहती ठाऊक नाही त्याचा केडी काढायचा कसा?

उष्णता मोजून बंधन ताडणारं आयटीसी यंत्र, हा आणखी एक मार्ग. त्याला रंगाचं काही देणंघेणं नसतं. पण ते आमच्या आवाक्यात नव्हतं, आणि पाण्यात धड न विरघळणाऱ्या कर्क्युमिनचा त्याला पुरेसा डोस देणंही अवघड.

मुलीचं मत सगळ्यांत सरळ. “लायसोझाइमला काय चिकटतं हे पुस्तकातच आहे की मॅडम. आधी ते मोजूया. तेच जमलं नाही तर हळदीचं कशाला बोलायचं?”

मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याआधी काट्यावर ठाऊक वजन ठेवून बघतात. काटा खोटा असेल तर गुळाच्या ढेपा, म्हणजे रव्यांवर रवे, मोजून उपयोग नाही. मॉडेल एन्झाइम वापरायचं ते यासाठी. आमच्या हातात प्रमाणित वजन होतं, आणि आम्ही तेही रवा समजून तोलत बसलो होतो. तिचं मत मान्य झालं. मुलगा थोडा नाराज होता, पण आला.

काय केलं

लायसोझाइमचं काम जिवाणूंच्या भिंतीतली साखरेची साखळी तोडणं. त्या साखळीतली एक कडी म्हणजे एन-असिटिल ग्लुकोसामाइन, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘नॅग’. खोबणीत साखरेसाठी सहा जागा आहेत. साखळी तुटते ती चौथ्या आणि पाचव्या जागेच्या मध्ये. तीन नॅगचा तुकडा, म्हणजे ट्राय-नॅग, पहिल्या तीन जागांवर आरामात बसतो आणि तुटण्याच्या जागेपर्यंत पोचतच नाही. सहा नॅगची साखळी त्याच्यापेक्षा सुमारे ३०,००० पट वेगानं तुटते. म्हणून ट्राय-नॅग हा मोजायला आदर्श पाहुणा. येतो, बसतो, आणि आपण मोजेपर्यंत तसाच राहतो.

नॅगची आणखी एक मोठी सोय म्हणजे त्याला रंग नाही. २८० आणि ३४० ला तो जवळजवळ काहीच शोषत नाही. तरी आता आम्ही दुधानं पोळलेलो. प्रत्येक द्रावणाचा अ‍ॅब्सॉर्बन्स आधी, फ्लुरोमीटर नंतर, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

डिसेंबरात सुट्ट्या नॅगपासून सुरुवात केली, कारण तो स्वस्त. पकड सैल आहे हे माहीत होतं, म्हणून मायक्रोमोलर सोडून थेट मिलिमोलरमध्ये गेलो, शून्यापासून २०० पर्यंत. एवढ्या दाट साखरेत द्रावणाचा स्वभावच बदलतो, तेव्हा त्याच संहतींच्या ग्लुकोजची दुसरी रांग बाजूला लावली. नॅगचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार पाण्यात एकमेकांत बदलत राहतात आणि खोबणीत दोघं वेगवेगळ्या तऱ्हेनं बसतात. त्यामुळं द्रावण आदल्या रात्री करून ठेवायचं, ताजं वापरायचं नाही. बफर अ‍ॅसिटेटचा, पीएच ५.५ च्या आसपास. प्रत्येक नळीत लायसोझाइम अगदी सारखं पडावं म्हणून एकाच मोठ्या साठ्यातून भरलं. आधी आम्ही एकाच क्युवेटमध्ये लिगँड ओतत जायचो आणि पातळ होण्याचा हिशोब नंतर कागदावर करायचो, ती सवय मोडली.

निकाल पडद्यावर आला तेव्हा मुलगा पहिल्यांदा हसला. प्रकाशाचं शिखर डावीकडे, कमी तरंगलांबीकडे सरकलं होतं आणि ३२५ नॅनोमीटरला तेज वाढलं होतं. वाढलं होतं! मध्ये कोणी उजेड खात असेल तर तेज कमी होईल, वाढणार कसं? ट्रिप्टोफॅनभोवतीचं पाणी हटवून तिथं साखर बसली की असंच व्हायला हवं. ग्लुकोजच्या रांगेत जवळजवळ काहीच हललं नाही. ग्लुकोज आणि नॅग यांच्यात फरक एका असिटामाइड गटाचा, आणि खोबणी नेमका तोच गट ओळखते. सुट्ट्या ट्रिप्टोफॅनमध्ये नॅग घातला, तिथंही शिखर जागचं हललं नाही.

तीन वेळा केलं. केडी ३४ ते ४७ मिलिमोलर. पुस्तकातले आकडे २० ते ५० च्या पट्ट्यात आहेत. काटा बरोबर निघाला.

मग पैशाचा प्रश्न. ट्राय-नॅग मिलिग्रॅमवर विकतात, आणि ५ मिलिग्रॅमची किंमत आमच्या कर्क्युमिनच्या अख्ख्या बाटलीपेक्षा जास्त. मागणीपत्रावर सही घ्यायला गेले तर विचारणा झाली, “एवढ्याशा पावडरीला?” हिशोब मांडून दाखवला. ५ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ८ मायक्रोमोल. एका क्युवेटमध्ये २ मिलिलिटर, सर्वांत वरची संहती १०० मायक्रोमोलर, म्हणजे तिथं लागणार ०.२ मायक्रोमोल. तीनदा करूनही उरतंय. सही मिळाली. हा हिशोब जुलैतच मांडला असता तर ‘महाग’ या एका शब्दावर आम्ही ट्राय-नॅग बाजूला सारलं नसतं, याची बोच अजून आहे.

फेब्रुवारीत ट्राय-नॅग घातलं. तेज सुरेख वाढलं, वक्र नीट आडवा झाला. पण केडी आला १३ मायक्रोमोलर, जुने आकडे १० च्या आसपास. मुलगा म्हणाला, जवळच आहे, सोडून देऊया. यावेळी मीच अडून बसले.

कारण सापडायला वेळ लागला नाही. साधं समीकरण असं धरतं की घातलेला लिगँड जवळपास सगळा मोकळाच आहे. प्रथिन ५ मायक्रोमोलर आणि केडी १०, अशा वेळी ते खरं नसतं. १० मायक्रोमोलर लिगँड घातला तर त्यातला २.२ प्रथिनानं धरून ठेवलेला असतो, मोकळा उरतो ७.८. निम्मं प्रथिन भरायला एकूण १२.५ घालावा लागतो, म्हणजे केडी आणि वर प्रथिनाचा अर्धा भाग. आम्ही तो १२.५ च केडी म्हणून वाचत होतो. वर्गसमीकरण वापरून तीच आकडेवारी पुन्हा बसवली, केडी १० आला. खात्रीसाठी प्रथिन १ मायक्रोमोलरवर आणलं. सिग्नल अशक्त झाला, रीडिंग थरथरायला लागली, पण साध्या समीकरणानंही १०.५ आलं.

वर्गसमीकरण दहावीचं. बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.त ते पुन्हा भेटेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

निष्पत्ती

प्रबंध वेळेत गेला. शीर्षकातून हळद गेली, पण आतून काढली नाही. कर्क्युमिनचं अख्खं प्रकरण ठेवलं, ट्रिप्टोफॅनच्या कंट्रोलसकट. आमच्या मोजमापावरून कर्क्युमिन लायसोझाइमला चिकटतं असं म्हणता येत नाही आणि चिकटत नाही असंही म्हणता येत नाही, एवढंच तिथं लिहिलं. ते वाक्य लिहायला मुलाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. डॉकिंगही ठेवलं, मात्र शेजारी ट्राय-नॅगचं डॉकिंग लावलं. सॉफ्टवेअरनं दोघांना जवळजवळ सारखाच आकडा दिला होता. नॅग आणि ट्राय-नॅग यांच्या पकडीत क्युवेटमध्ये चार हजार पटींचा फरक दिसत होता, आणि इथं कर्क्युमिन आणि ट्राय-नॅग एका रांगेत. तोंडी परीक्षेला निम्मा वेळ त्या एका पानावरच गेला.

पेपर झाला नाही. साठ वर्षं जुना आकडा पुन्हा मिळाला म्हणून कोण पेपर छापणार? मुलाला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत नोकरी लागली. मुलाखतीत त्याला फसलेल्या प्रयोगाबद्दल विचारलं, आणि तो वीस मिनिटं बोलला म्हणे. मुलगी पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला बसते आहे.

पुन्हा करायचं तर

सादरीकरणाची वाट न बघता कर्क्युमिनचा अ‍ॅब्सॉर्बन्स पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. स्पेक्ट्रोफोटोमीटर आमच्याच खोलीत होता आणि काम पाच मिनिटांचं होतं. रंगीत लिगँडला हात लावण्याआधी हे करायचंच, यात मतभेदाला जागा नाही.

बाकीच्याबद्दल मी तेवढी ठाम नाही. सुरुवात नॅगनं केली असती तर चार महिने वाचले असते हे खरं. पण आकडा पहिल्याच फटक्यात पुस्तकाबरहुकूम आला असता, तर या दोघांना इनर फिल्टर हा शब्द परीक्षेपुरता पाठ झाला असता, एवढंच. मी मुद्दाम कुणाला खड्ड्यात पाठवणार नाही, पण पडलेल्यांना चटकन हात देऊन वर ओढण्याची घाईही आता करत नाही. माझे काही सहकारी याला आळस म्हणतात.

फ्लुरोमीटरच्या अर्ध्या दिवसाचं नियोजन मात्र पूर्ण उलटं केलं आहे. आधी कंट्रोल, मग लिगँड. लाईट गेली आणि दिवस बुडाला, तर हातात निदान कंट्रोल तरी असतात.

एक धागा तसाच लोंबकळतो आहे. नॅगचा ३४ ते ४७ हा पट्टा जरा जास्तच रुंद आहे. मला संशय अल्फा-बीटाच्या घोळाचा आहे, मुलीला वाटतं दाट द्रावण पिपेटनं नीट ओढलं जात नव्हतं. ट्राय-नॅग अजून सुमारे ३ मिलिग्रॅम उरलंय, उणे वीसच्या फ्रिजरमध्ये वरच्या कप्प्यात, डबीवर तिच्या अक्षरात तारीख आहे. यंदाच्या जोडीनं ते मागितलं, तेव्हा आधी नॅगची रांग पुन्हा लावून तो पट्टा अरुंद करून दाखवा, असं सांगितलं आहे. त्यांनी काल पिपेट वजनकाट्यावर तपासायला घेतलं.